खाडीतील शिंपले आणि आरोग्य (रत्नागिरी)

रत्नागिरीजवळच्या भाट्ये, काळबादेवी, शिरगाव या खाड्यांत मुळे, तिसऱ्या, कालवे आणि खडकाळ किनाऱ्यावर शिनाणे मिळतात. गरिबाघरचे हे अतिशय पौष्टिक अन्न. प्रथिने, लोह, जस्त, आयोडीन व ब-१२ जीवनसत्त्व त्यांतून मिळते.

ओहोटी लागली की बायका चिखलात उतरतात आणि पायाच्या बोटांनी चाचपून मुळे वर काढतात. कालवे खडकाला घट्ट चिकटलेली. ती टोकदार लोखंडाने फोडून आतला गर डब्यात गोळा करतात. तिसऱ्या घरी पाण्यात ठेवल्या की वाळू सोडतात. मग विळीवर उघडून गर एकाच शिंपीत ठेवायचा आणि एकशिपी करायची.

शिंपला पाणी गाळून खातो, आणि त्याचा धोका यातच आहे. सूक्ष्म वनस्पतींबरोबर सांडपाण्यातले जंतूही त्याच्या अंगात साठतात. त्यामुळे खाडीत काय सोडले जाते, याला ताटातल्या चवीइतकेच महत्त्व द्यायला हवे. शांघायमध्ये १९८८ साली दूषित शिंपले अर्धेकच्चे खाल्ल्याने सुमारे ३ लाख लोकांना कावीळ (हिपॅटायटिस-ए) झाली. आपल्याकडे शिंपले पूर्ण शिजवण्याची रीत आहे, ती मोलाची. शिजल्यावरही तोंड न उघडलेला शिंपला टाकून द्यावा.

शिजवण्याने जंतू मरतात, पण काही सूक्ष्म शैवालांचे विष टिकते. केरळात विळिंजम येथे १९९७ मध्ये शिनाणे खाऊन ७ जण दगावले. या विषबाधेत ओठ-जीभ बधिर होते, मुंग्या येतात, पुढे श्वसनाचे स्नायू लुळे पडतात. उतारा नाही, कृत्रिम श्वासोच्छ्वासावर रुग्णाला तगवावे लागते. असे विष चवीला, वासाला कळत नाही. ते प्रयोगशाळेतच सापडते, म्हणून खाड्यांतल्या शिंपल्यांची नियमित तपासणी व्हायला हवी. शिंपल्यांचा अभ्यास करू शकणाऱ्या संस्था रत्नागिरीत व जवळच आहेत: १९५८ पासूनचे सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्र आणि शिरगावचे १९८१ मधले मत्स्य महाविद्यालय.

खाणाऱ्याआधी धोका पत्करते ती काढणारी. कालवाची धार तळहात चिरते आणि उबदार खाऱ्या पाण्यातले व्हिब्रिओ जंतू जखमेत शिरू शकतात. मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्या बाईला अशी जखम जिवावर बेतू शकते. जखम लगेच स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवावी; सूज किंवा ताप आल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा.