देऊळ पाहावं, देऊळ ऐकावं
(प्रस्तावना)

सातारा जिल्ह्यात माणगंगेकाठी म्हसवडला सिद्धनाथ-जोगेश्वरीच्या देवळात माणसं नवस फेडायला येतात, कुलाचाराला येतात, नव्या जोडप्याला पाया पडायला घेऊन येतात. हे पुस्तक हाती घेणाऱ्याने आणखी एका ओढीने तिथे जावं, अशी माझी इच्छा आहे: घडलेला दगड पाहायला आणि तिथलं गाणं-वाजवणं ऐकायला. जुन्या गोव्यात आपण अशाच ओढीने जातो. १५६२ साली बांधायला घेतलेल्या से कॅथीड्रलमध्ये संत कॅथरीनची सोनेरी वेदी डोळे भरून पाहतो, १७७६ साली कोसळलेल्या मनोऱ्याची गोष्ट मुलांना सांगतो. तेच आपण माणगंगेकाठच्या या देवळातून अंगारा लावून पाच मिनिटांत बाहेर पडतो, याची मला हळहळ वाटते.

पहिली फेरी गर्दी नसलेल्या दिवशी करावी. काळ्या दगडाचं देऊळ दिसलं की हेमाडपंती म्हणून मोकळं व्हायची सवय आधी सोडावी. हेमाद्री हा तेराव्या शतकातला यादवांचा प्रधान. चुन्याविना दगडावर दगड बसवण्याची रीत त्याच्या आधीपासूनची आहे. पुढे मराठ्यांच्या काळात काळ्या दगडाच्या अंगावर विटा-चुन्याची शिखरं चढली. संगम माहुलीचं १७३५ सालचं विश्वेश्वराचं देऊळ त्याचा उत्तम नमुना. एकाच देवळात दोन-तीन शतकांचे हात लागलेले असतात. म्हणून नजर जोत्यापासून सावकाश वर न्यावी, आणि दगड कुठे संपतो, चुना कुठे सुरू होतो ते पाहावं.

दुसरी फेरी मात्र उत्सवातच करावी. दिवाळी पाडव्याला घट बसतात, तुळशीच्या लग्नाच्या सुमारास देवाचं लग्न लागतं आणि मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला वरातीचा रथ निघतो. ‘सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं’ या गजरात गुलाल-खोबऱ्याची उधळण सुरू झाली की आधी पाहिलेल्या त्या वास्तूचा खरा उपयोग ध्यानात येतो. मोकळं आवार ढोलासाठी लागतं, धनगरांचा गजी नाच नाचणाऱ्यांच्या रिंगणासाठी लागतं. ढोलाच्या ठेक्यावर पावलं आधी संथ पडतात, मग लय चढते आणि बघणाऱ्याचेही पाय जागेवर ठरत नाहीत. धनगरांची ओवी त्याहून वेगळी. मुख्य गाणारा ओळ टाकतो, साथीदार ती उचलतात. मधेच गाणं थांबून गद्यात कथा पुढे सरकते आणि पुन्हा सूर लागतो. बिरोबा, म्हस्कोबा, सिद्धनाथ यांचा भटकंतीचा इतिहास याच गाण्यांत टिकून राहिला आहे.

गाण्यांतला हा इतिहास मोलाचा आहे हे ओळखून ग्युंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने धनगरांबरोबर पायपीट केली, ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावरचा त्याचा ग्रंथ १९७६ साली जर्मनमध्ये आला, १९८९ साली इंग्रजीत. या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्याने तो वाचल्याविना पुढे जाऊ नये. तरी एक उणीव आजही खटकते. स्थापत्याचे अभ्यासक देवळांचे आराखडे काढतात, लोकसाहित्याचे अभ्यासक ओव्या उतरवून घेतात. ज्या ओसरीवर ती ओवी झाली, त्या ओसरीची लांबी-रुंदी कोणी टिपत नाही. माझ्या मते या विषयाचं मोठं काम इथेच शिल्लक आहे.

देवळाचा आवाज म्हणजे फक्त ढोल आणि ओवी नव्हे. आपल्याच सातारा जिल्ह्यात वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर एक घंटा आहे. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यावर तिथल्या चर्चमधून आलेल्या घंटांपैकी ती एक. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी कोरलेली आहे, आणि देवळात टांगली गेली म्हणून कोणी ती पुसली नाही. चर्चसाठी ओतलेला नाद देवळाने आपला मानला. देवळाचा आवाज अभ्यासायचा असेल, तर ही घंटा वगळता येणार नाही.

वाचकांना एकच विनंती. तुमच्या गावात ओवी म्हणणारे जुने गडी अजून असतील, तर हे पुस्तक थोडे दिवस बाजूला ठेवा. आधी त्यांच्याकडे जा, त्यांची परवानगी घेऊन ध्वनिमुद्रण करा, आणि गाणाऱ्याचं नाव, गाव, तिथी व जागा त्याच दिवशी लिहून ठेवा.