रुळातला सव्वा ग्रॅम

झाशी म्हटले की मराठी मनात किल्ला आणि राणी लक्ष्मीबाई उभ्या राहतात. १८८०च्या दशकाच्या अखेरीस इंडियन मिडलंड रेल्वे येथे आली आणि हेच गाव मोठे जंक्शन झाले. येथील हवा रुळांची कठोर परीक्षा घेते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर चढतो, तर हिवाळ्याच्या पहाटे ५ अंशांच्या आसपास उतरतो. सलग जोडलेल्या लांब रुळाला आकसण्यास वाव नसतो. त्यामुळे तापमान ३० अंशांनी घटले, की मीटरला ६० किलो वजनाच्या रुळात सुमारे ५५ टनांची ओढ निर्माण होते. कारखान्यात रूळ सरळ करताना राहिलेला अंतर्गत ताण वेगळाच. निर्दोष पोलाद हे सारे सोसते. सदोष पोलाद मात्र दगा देते.

फॉस्फरसने लोखंड थंडीत ठिसूळ होते आणि गंधकाने तापवताना फुटते, हे एकोणिसाव्या शतकातील धातुकारांना ठाऊक होते. हायड्रोजन मात्र लपून राहिला. आम्लात बुडवलेले लोखंड ठिसूळ होते आणि काही काळाने पुन्हा चिवट होते, हे विल्यम जॉन्सन यांनी १८७५ मध्ये दाखवले. ताज्या भंगावर ओलावा लावताच बुडबुडे उठत. आत शिरलेला वायू बाहेर पडत होता.

या वायूचे रुळांशी असलेले नाते उलगडायला अनेक दशके लागली. २५ ऑगस्ट १९११ रोजी न्यूयॉर्क राज्यातील मँचेस्टर येथे रूळ तुटून गाडी घसरली आणि २९ जण दगावले. तपासात जेम्स हॉवर्ड यांना रुळाच्या डोक्यात, पृष्ठभागाखाली वाढलेली आडवी चीर आढळली. बाहेरून तिचा मागमूसही नव्हता.

कारण पुढे उमगले. वितळलेले पोलाद ओलाव्यातून हायड्रोजन शोषते. थंड होताना त्याला तो सामावून घेता येत नाही. मग त्याचे अणू सूक्ष्म पोकळ्यांत आणि गंधकयुक्त कणांभोवती साठतात, त्यांचे रेणू बनतात आणि दाब वाढून केसासारख्या चिरा पडतात. जेथे ओढ अधिक, तेथे हे अणू अधिक जमतात. अशा रीतीने अशुद्धी आणि अंतर्गत ताण एकमेकांचे बळ वाढवतात.

१९३०च्या दशकात तप्त रूळ झाकलेल्या पेट्यांत सावकाश थंड करण्याची पद्धत रुजली. त्यामुळे वायूला बाहेर पडण्यास अवधी मिळू लागला. पुढे द्रव पोलादातूनच तो निर्वातात ओढून काढला जाऊ लागला. भारतीय रेल्वेच्या २००९ च्या मानकानुसार द्रव पोलादात दहा लाख भागांत हायड्रोजनचे १.६ भागच चालतात. १३ मीटरच्या, सुमारे ७८० किलो वजनाच्या रुळात ही मर्यादा जेमतेम सव्वा ग्रॅम भरते.

तरीही कोणतीही एक तपासणी पुरेशी मानली जात नाही. २६ नोव्हेंबर १९९८ रोजी पंजाबात खन्नाजवळ तुटलेल्या रुळामुळे झालेल्या अपघातात दोनशेहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. प्रत्येक तुटीचे मूळ हायड्रोजन नसते. पण आत दडलेली चीर डोळ्यांना दिसत नाही, हे सर्वत्र खरे. म्हणून श्राव्यातीत ध्वनीने रूळ तपासले जातात, आणि थंडीच्या रात्री दिवा घेऊन गस्तीवाले मार्गावरून चालत जातात.