शिवणसामानाची चित्रवेष्टने

सुया, दोऱ्याची रिळे, टिचबटणे, हूक, फिती, अंगुस्ताने इत्यादी शिवणकामाचे किरकोळ जिन्नस ज्या सचित्र पाकिटांतून, डब्यांतून व पुठ्ठ्यांवरून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विकले जात, ती वेष्टने. ज्या गिऱ्हाइकास अक्षरओळख नसे, त्यास आपला नेहमीचा माल चित्रावरूनच ओळखावा लागे. बाजारात ‘छाप’ हा शब्द नावाच्या जागी रूढ झाला, तो याच कारणाने.

रिळाच्या दोन्ही तोंडांवरील वाटोळ्या कागदी चकतीवर छापाबरोबरच दोऱ्याचा नंबर व वारांतील लांबी छापलेली असे. नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक, आणि हातसुईचेही तसेच. यंत्राच्या सुईचा क्रम मात्र नेमका उलटा. स्कॉटलंडमधील पेझ्लीच्या क्लार्क घराण्याने १८१२ च्या सुमारास रेशमाच्या टंचाईमुळे सुती दोरा काढला, व १८९६ मध्ये या घराण्याची पेढी कोट्स यांच्या पेढीत विलीन झाली. क्लार्कच्या दोऱ्यावरील नांगर कोकणच्या किनाऱ्यावरील माणसास निराळा समजावून सांगण्याची गरज नव्हती. सिंगर यंत्राच्या लाल अक्षरात गुंफलेली, यंत्रावर शिवीत बसलेली स्त्री, आणि प्रागच्या वाल्डेस कारखान्याची डोळ्यावर टिचबटण लावलेली हसरी तरुणी, ही या कलेची उत्कृष्ट उदाहरणे होत. त्या टिचबटणांना आपल्याच हिऱ्याचे ‘कोहिनूर’ हे नाव होते, हे येथे आवर्जून नोंदवावेसे वाटते.

अशी बहुरंगी चित्रे शिळाछापाने निघत व प्रत्येक रंगास स्वतंत्र शिळा लागे. १८९४ मध्ये मुंबईत स्थापन होऊन पुढे मळवलीस गेलेल्या रविवर्मा छापखान्याने देवतांच्या तसबिरींबरोबर व्यापारी मालाच्या चिठ्ठ्याही छापल्या.

हा माल कोकणातील घरांपर्यंत कसा पोचे, याचे एक उदाहरण खेडचे. जगबुडी नदीकाठचे खेड (जिल्हा रत्नागिरी) हे तालुक्याचे गाव व आसपासच्या खेड्यापाड्यांची बाजारपेठ. मुंबईचा माल आगबोटीने दाभोळास उतरे आणि वासिष्ठी नदीतून जगबुडीत, भरतीच्या पाण्याच्या आधाराने, लहान होड्यांतून वर येई. चाकरमान्याच्या गाठोड्यातूनही गणपतीस व शिमग्यास सुईदोरा घरी पोचे. वर्षाकाठी ३००० मिलिमीटरांहून अधिक पर्जन्य पडणाऱ्या या मुलखात सुई गंजण्याचे भय नित्याचेच, तेव्हा सुयांभोवतीचा काळा कागद व आतील फलालीचा तुकडा यांना येथे मोठी किंमत होती. वाकळ वा गोधडी शिवावयास बसणारी गृहिणी पाकीट उघडी ते जपून, व सुई परत खोचून ते मिटी तेही तितक्याच निगुतीने. कदाचित म्हणूनच अशी पाकिटे आतील सुया संपल्यावरही अनेक वर्षे घरांत टिकलेली आढळतात.

टिचबटणे डझनाच्या हिशेबाने पुठ्ठ्यावर टाचलेली असत, आणि दुकानदार त्यांतील दोन-चारही सुटी काढून देई. त्यामुळे पुठ्ठ्याचा चित्र असलेला भाग बहुधा दुकानातच राही व अखेर केरात जाई. पत्र्याच्या डब्यांचे आयुष्य दीर्घ होते. त्यांत उरलेली बटणे, हूक व फितीचे तुकडे साठत.

प्लॅस्टिकचे रीळ आल्यानंतर लाकडी रिळाचा प्रचार मागे पडला. तोवर रिकाम्या रिळास रबर, काडी व साबणाची चकती लावून मुले आपोआप चालणारी गाडी करीत, आणि रिळाच्या तोंडावरील कागदी छाप तिच्या चाकाबरोबर ओसरीभर फिरे.