वीराला घाव किती?

वीराला मरायला किती घाव लागावेत? पोवाड्याला हा प्रश्न पडत नाही. खेळाच्या नियमांना मात्र तो टाळता येत नाही.

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ निघाला. मेजाभोवती बसायचे, एकेकाने एकेक वीर व्हायचे आणि फासे टाकीत भुयारातल्या राक्षसांशी झुंजायचे. घाव सोसण्याची ताकद आकड्यात मोजलेली; पराक्रमागणिक तो आकडा वाढे. आरंभी एका वारात आडवा होणारा गडी पुढे दहा वार खाऊनही उभाच!

चिकित्सकांना हे रुचेना. १९७८ साली ‘रूनक्वेस्ट’ आला. त्यात घाव हातावर बसला की डोक्यावर, हेही फासे सांगत. कसलेला योद्धासुद्धा एका नेमक्या वाराने कोसळे. १९७९ साली गायगॅक्सने खुलासा केला: वाढते ते मुख्यतः रक्तमांस नव्हे, कसब, नशीब आणि दैवी कृपा वाढते.

खुलासा मला पटतो. कादंबरी लिहिताना मीही नायकाला असाच जपतो. पण वाचकाला त्याच्या मरणाची धास्ती वाटलीच पाहिजे. ती नसेल, तर शौर्य कसले?