पन्हाळा–पावनखिंड पदभ्रमंती

पन्हाळा–पावनखिंड पदभ्रमंती ही कोल्हापूर जिल्ह्यात दरवर्षी जुलै महिन्यात होणारी, बहुधा दोन दिवसांची मुक्कामी पायी मोहीम आहे. शिवाजी महाराजांनी १६६० मध्ये पन्हाळ्याहून विशाळगडाकडे केलेल्या प्रवासाच्या वाटेने सुमारे ५० किलोमीटर अंतर चालले जाते.

पार्श्वभूमी

आदिलशाही सरदार सिद्दी जौहर याने पन्हाळ्यास सुमारे चार महिने वेढा घातला होता. १२ जुलै १६६० च्या रात्री भर पावसात महाराज निवडक मावळ्यांसह गडावरून निसटले. शत्रूची दिशाभूल करण्यासाठी महाराजांच्या वेशात गेलेले शिवा काशीद मारले गेले. १३ जुलै रोजी बाजीप्रभू देशपांडे यांनी घोडखिंडीत पाठलाग रोखून धरला. तेथे त्यांना व अनेक मावळ्यांना वीरमरण आले. ही खिंड पुढे पावनखिंड म्हणून ओळखली जाऊ लागली.

मार्ग

पन्हाळ्याच्या राजदिंडीतून उतरल्यावर वाट म्हाळुंगेमार्गे मसाई पठारावर चढते. पुढे कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, पाटेवाडी व पांढरेपाणी या वस्त्यांवरून ती शाहूवाडी तालुक्यातील पावनखिंडीत पोहोचते.

स्वरूप

मूळ घटना पावसाळ्यातील असल्याने मोहीमही ऐन पावसाळ्यात काढली जाते. रात्रीचा मुक्काम वाटेवरील एखाद्या वाडीत असतो. जांभ्या खडकाच्या विस्तीर्ण मसाई पठारावर दाट धुक्यात दिशा चुकण्याचा संभव असतो. पुढील जंगलात चिखल, जळवा व फुगलेले ओढे अडचणीचे ठरतात. त्यामुळे माहीतगार वाटाड्या सोबत असणे आवश्यक मानले जाते. आज दोन दिवस लागणारे हे अंतर मावळ्यांनी एका रात्रीत व दुसऱ्या दिवशी कापले होते.