टुंड्रा ते नाथसागर : स्थलांतरित पक्ष्यांच्या एका अधिवासाचा इतिहास

प्रस्तावना :

उत्तर ध्रुवीय प्रदेशातील पक्ष्यांचे संवर्धन हा विषय मराठवाड्यातील वाचकास दूरचा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु सैबेरियाच्या टुंड्रा प्रदेशात अंडी घालणारे छोटा टिलवा, टेमिंकचा टिलवा व रफ हे चिखलपक्षी हिवाळ्यात गोदावरीच्या खोऱ्यात उतरतात. ज्या जायकवाडी जलाशयावर जालना जिल्ह्यातील अंबड व घनसावंगी परिसरातील शेती आणि जालना शहराची तहान अवलंबून आहे, तोच जलाशय या पक्ष्यांचा हिवाळी आश्रय आहे. प्रस्तुत लेखात या अधिवासाची निर्मिती आणि त्यासमोरील संकटे यांचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे.

अधिवासाची निर्मिती :

पैठण येथील धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली व १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. सुमारे दहा किलोमीटर लांबीच्या या मातीच्या धरणामागे विस्तीर्ण व उथळ नाथसागर पसरला. दुष्काळी मराठवाड्याला पाणी देणे हाच प्रकल्पाचा उद्देश होता. पक्ष्यांसाठी अधिवास निर्माण करण्याचा विचार त्यामागे नव्हता. मात्र पाणी ओसरले की उघडी पडणारी गाळाची किनारपट्टी, तीतील कीटक, अळ्या व कृमी यांमुळे स्थलांतरित पक्ष्यांना मुबलक अन्न मिळू लागले. १९८६ मध्ये शासनाने येथे पक्षी अभयारण्य घोषित केले. म्हणजेच हा अधिवास निसर्गदत्त नसून सिंचनाच्या इतिहासाचे अनपेक्षित फलित आहे. त्याची किंमत गंगथडीतील अनेक गावांनी आपली घरे व काळी जमीन देऊन चुकवली, ही बाबही विसरता येणार नाही.

संकटांचे स्वरूप :

पहिले संकट पाण्याच्या पातळीचे आहे. जलाशय भरलेला राहिला तर चिखलपक्ष्यांना उथळ काठ मिळत नाही, आणि कोरडा पडला तर अन्नच उरत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्हा होरपळला, त्या वेळी जलाशयही रिता झाला होता. त्यानंतर ऊर्ध्व धरणांतून पाणी सोडण्याचा वाद उच्च न्यायालयात गेला व २०१६ मध्ये समन्यायी पाणीवाटपाच्या बाजूने निकाल लागला. या चर्चेत पिण्याचे पाणी, शेती व उद्योग यांचा हिशेब मांडला गेला. पाणथळ अधिवासाला मात्र त्यात फारसे स्थान मिळाले नाही.

दुसरे संकट गाळपेर शेतीचे आहे. उघड्या पडलेल्या सुपीक जमिनीवर पिके घेतली जातात व कीटकनाशके फवारली जातात. परंतु ही शेती करणाऱ्यांत प्रकल्पग्रस्तही आहेत, त्यामुळे केवळ बंदी हा न्याय्य उपाय ठरत नाही. २०१७ मध्ये अभयारण्याभोवती पर्यावरणसंवेदनशील क्षेत्र जाहीर झाले. पुढे जलाशयावर तरंगता सौरऊर्जा प्रकल्प प्रस्तावित झाला. मच्छीमारांच्या संघटनेने त्यास आव्हान दिले, परंतु राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०२४ मध्ये व सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ते फेटाळले.

तिसरे संकट पक्ष्यांच्या जन्मभूमीतील आहे. गेल्या चार दशकांत ध्रुवीय प्रदेश जागतिक सरासरीच्या तीन ते चार पट वेगाने तापला आहे. बर्फ लवकर वितळल्याने कीटकांचा हंगाम आधी सरतो आणि पिल्लांच्या वाढीच्या वेळी अन्न अपुरे पडू शकते.

समारोप :

भारत १९८३ पासून स्थलांतरित प्रजातींविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराचा सदस्य आहे आणि २०१३ पासून आर्क्टिक परिषदेत त्यास निरीक्षकाचा दर्जा आहे. तथापि तीस ग्रॅमदेखील न भरणाऱ्या टिलव्याचे भवितव्य केवळ परिषदांत ठरत नाही. पैठणच्या दरवाजांतून पाणी केव्हा व किती सुटते, यावरही ते ठरते. पाणीवाटपाच्या नियोजनात हिवाळी पातळीचा विचार व्हावा, गाळपेर कसणाऱ्यांना विषमुक्त पिकांसाठी साहाय्य मिळावे आणि परिसरातील महाविद्यालयांनी नियमित पक्षिगणना करावी, असे सुचवावेसे वाटते. टुंड्रातील घरटे जपूनही येथील काठ गमावला, तर ते संवर्धन अपुरेच राहील.