कागदावर दिसणारी हिंसा : आर्थिक छळाची ओळख आणि ऑनलाइन प्रशिक्षण

मारहाणीचा वळ दवाखान्यात दिसतो. पैशाच्या छळाचा माग पासबुकात, सातबाऱ्यावर, बचत गटाच्या कर्जवहीत आणि डेअरीच्या दूधपट्टीवर राहतो. तो ज्यांच्या नजरेखालून रोज जातो ते बँकमित्र, तलाठी, गटाची सीआरपी (समुदाय संसाधन व्यक्ती) आणि डेअरीचा सचिव यांना तो वाचायला कुणी शिकवलेले नसते. लातूर जिल्ह्यातल्या देवणीसारख्या, कर्नाटकाला खेटून असलेल्या तालुक्यात ऑनलाइन प्रशिक्षणाची आखणी करायची झाली, तर सुरुवात या माणसांपासून आणि त्यांच्या हातातल्या कागदांपासून करावी, असे माझे ठाम मत आहे. प्रत्यक्षात बहुतेक अभ्यासक्रम व्याख्येपासून सुरू होतात आणि प्रमाणपत्रावर संपतात.

व्याख्या आपल्याकडे केव्हाच झालेली आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा २००५ साली मंजूर झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याच्या कलम ३ मध्ये शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक छळाच्या बरोबरीने आर्थिक छळ स्वतंत्रपणे नोंदवलेला आहे. कायद्याने किंवा रूढीने हक्काचे असलेले पैसे व साधने न देणे, स्त्रीधन किंवा मिळकत परस्पर विकणे, घरातल्या वस्तूंचा वापर करू न देणे हे सर्व त्यात येते. ब्रिटनच्या कायद्यात घरगुती छळाच्या व्याख्येत आर्थिक छळ आला तो २०२१ साली. आपल्या कायद्याच्या कलम ११ प्रमाणे पोलीस, न्यायसेवा आणि सरकारी अधिकाऱ्यांना ठरावीक काळाने प्रशिक्षण देणे हे सरकारचे कर्तव्यच आहे.

२००८ साली अमेरिकेत अ‍ॅड्रिएन अ‍ॅडम्स आणि सहकाऱ्यांनी आर्थिक छळ मोजण्यासाठी २८ प्रश्नांची मोजपट्टी तयार केली. तिचे दोन मुख्य भाग आहेत: पैशावर ताबा ठेवणे आणि बाईच्या पैशाचा, नावाचा गैरफायदा घेणे. बाईच्या कामात, शिक्षणात खोडा घालणे हा तिसरा प्रकारही अभ्यासक वेगळा धरतात. मराठवाड्यात गैरफायद्याचा प्रकार सर्वात कमी ओळखला जातो, म्हणून तिथे थोडे थांबायला हवे. ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती बहुधा नवऱ्याच्या हातात. ती फेडायला मात्र दोघांची कंबर मोडते, आणि फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर चढते. बायांच्या गटाला कर्ज देणाऱ्या कंपन्यांचेही तसेच. कर्ज तिच्या नावावर, अंगठा तिचा, रक्कम नवऱ्याची किंवा दिराची, आणि हप्त्याच्या दिवशी गटातल्या बाया तिच्याच दारात. ज्या तालुक्याच्या नावाने देवणी गोवंश ओळखला जातो, तिथे शेणगोठा आणि धारा बाई करते. दुधाचा हिशेब कुणाच्या खात्यावर निघतो हे डेअरीच्या वहीत पाहावे.

पण दूध नवऱ्याच्या खात्यावर निघाले म्हणजे हिंसा झाली असे नाही. प्रशिक्षणाचा सर्वात अवघड भाग हाच आहे, आणि तो टाळला की शिकणाऱ्याला एकतर सगळीकडे छळ दिसतो किंवा कुठेच दिसत नाही. सोयाबीनचा भाव पडला, घरात रुपया नाही, सगळेच अर्धपोटी आहेत, ही गरिबी. रुपया आहे, त्यातून दारू आणि मोटारसायकलचा हप्ता भागतो, आणि लेकराच्या औषधाला मागितला की शिव्या मिळतात, हा छळ. निवाडा करायला तीन प्रश्न पुरतात. खर्चाचा निर्णय कोण घेते? तिला नाही म्हणता येते का? तिने हिशेब विचारला तर काय होते? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा बोलण्यातून येत नाही. ती दाराकडे बघते, आवाज खाली आणते, किंवा सोबत आलेला माणूस तिच्याऐवजी उत्तर देतो.

मोबाइलने पैशाच्या ताब्याच्या प्रश्नाला नवे रूप दिले आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या सुमारे ७९ टक्के स्त्रियांनी स्वतः वापरत असलेले बँक खाते असल्याचे सांगितले. स्वतः वापरत असलेला मोबाइल मात्र ५४ टक्क्यांकडेच होता. खाते आहे पण फोन नाही अशा बायांच्या खात्याचा ओटीपी कुणाच्या फोनवर जातो? २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे दरमहा १५०० रुपये थेट बाईच्या खात्यावर येऊ लागल्यापासून हा प्रश्न घरोघरचा झाला. पैसे जमा होताच त्याच दिवशी सगळी रक्कम निघत असेल, खात्याला जोडलेला नंबर दुसऱ्याचा असेल, तिला शिल्लक माहीतच नसेल, तर बँकमित्राच्या मनात शंका यायला हवी.

कायद्याच्या नियमांतला कौटुंबिक घटना अहवाल इथे कामाला येतो आणि कमीही पडतो. आर्थिक हिंसेखाली त्यात खर्चाला पैसे न देणे, नोकरी करू न देणे, पगार हिसकावणे, स्त्रीधन न विचारता विकणे किंवा गहाण ठेवणे, घराबाहेर काढणे अशा बाबी छापलेल्या आहेत. तिच्या नावावर लादलेले कर्ज, काढून घेतलेले एटीएम कार्ड, भावांनी दबावाने घेतलेले हक्कसोडपत्र यांना मात्र रकाना नाही. ते सगळे ‘इतर’ मध्ये लिहावे लागते, आणि घाईत असलेला माणूस ‘इतर’ कोराच सोडतो. म्हणून अभ्यासक्रमाचा एक पूर्ण पाठ या एका रकान्यावर असावा. नावे झाकलेले खऱ्यासारखे पासबुक, कर्जवही आणि फेरफार पडद्यावर दाखवावेत आणि अहवाल भरून घ्यावा.

ऑनलाइन माध्यमाला एवढे चांगले जमते. सज्जा किंवा उपकेंद्र न सोडता, मराठीत, थोडे थोडे करून शिकता येते. पण पुढे काय करायचे हे एकट्याने फोनवर शिकता येत नाही. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने पोलिसांसोबत १९८४ साली छळ झालेल्या बायांसाठी विशेष कक्ष सुरू केला; पुढे २००० च्या सुमारास वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सेहत ही संस्था आणि महापालिका यांनी ‘दिलासा’ हे मदत केंद्र उभे केले. दोन्हींतून कळते की परिचारिकेला खूण ओळखता आली तरी बाईला पाठवायला शेजारची खोली उघडी असावी लागते. तेव्हा तालुक्यातल्या सगळ्यांनी एकाच वेळी जोडले जावे, या कायद्याखाली नेमलेला संरक्षण अधिकारी समोर असावा, आणि एकच प्रकरण बँकेतून, सज्जातून, आशाताईकडून कसे दिसते ते एकमेकांना सांगावे. शिकणाऱ्यांतही अशा असतील की ज्यांचे मानधन घरी गेल्यावर हातातून काढून घेतले जाते. त्यांना पाठ मध्येच थांबवायची मुभा हवी, १८१ हा नंबर पहिल्याच पाठात हवा, आणि घरच्या सामायिक फोनवर आवाज न करता चालेल अशी रचना हवी.

प्रतिसादाचा पहिला नियम म्हणजे घाई न करणे. खात्याचा नंबर आज बदलला तर आज रात्री तिचे काय होईल, हे तिला एकटीला गाठून आधी विचारायचे. मग माहिती द्यायची. कलम ४ प्रमाणे कुणीही सद्भावनेने संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो, आणि त्याबद्दल त्याच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही; बँकमित्राला आणि तलाठ्याला हे ठाऊक असले तर त्यांचे अर्धे भय जाईल. कलम १८ खाली मिळकत विकण्यावर, खाती आणि लॉकर वापरण्यावर बंदी मागता येते, कलम २३ खाली ती अंतरिमही मिळू शकते. दागिने जाऊन वर्षे झाली, आता काय उपयोग, असे तिला सांगू नये. स्त्रीधन अडकवून ठेवणे हा चालू राहणारा अपराध आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली कृष्णा भट्टाचार्जी प्रकरणात म्हटले आहे. मला उत्पन्नच नाही, हे नवऱ्याचे नेहमीचे उत्तर. २०२० च्या रजनीश विरुद्ध नेहा निकालानंतर पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही मालमत्तेचे शपथपत्र द्यावे लागते. नवऱ्याचे शपथपत्र पडताळायला आडतीची पट्टी लागते आणि सातबारा लागतो. सातबारा तिला कुणालाही न विचारता ऑनलाइन पाहता येतो.

सीमेवरच्या तालुक्यात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. देवणीची लेक बीदरकडे दिली आणि परत माहेरी आली, तर ‘तिकडे जाऊन केस करा’ हे उत्तर चुकीचे आहे. ती तात्पुरती जरी इथे राहत असली तरी कलम २७ प्रमाणे इथल्या दंडाधिकाऱ्याकडे अर्ज चालतो आणि आदेश देशभर लागू पडतो. तिकडच्या बायांसाठी एखादा पाठ कन्नडमध्येही हवा.

लादलेल्या कर्जाबाबत मात्र शिकणाऱ्याला खरे सांगावे लागेल. दंडाधिकारी नवऱ्याकडून नुकसान वसूल करून देऊ शकतो. कर्ज देणारी कंपनी या प्रकरणात पक्षकार नसते, तिचा हप्ता सुरूच राहतो. म्हणून ही हिंसा अंगठा उमटण्याआधी ओळखणे भाग आहे, आणि त्या क्षणी तिथे हजर असते ती गटाची सीआरपी किंवा कंपनीचा वसुलीवाला पोरगा. आजच्या प्रशिक्षणांच्या यादीत सीआरपी कधीतरी असते. तो पोरगा कधीच नसतो.